टोपावरचा रंग खरवडावा का?

खंडेनवमी जवळ आली की आमच्या कोल्हापुरात घराघरांतून लोखंड बाहेर निघते. कुणाच्या माळ्यावरची तलवार, कुणाचा दांडपट्टा, शेतकऱ्याचा विळा-कोयता, सुताराची करवत, आणि अलीकडे दारातली मोटारसायकलसुद्धा. चिंच, लिंबू, विटेची भुकटी घेऊन मंडळी घासायला बसतात. हत्यार लखलखीत करून पूजेला मांडायचे, ही आपली रीत. घासणे म्हणजे मान देणे, असे आपण लहानपणापासून मानत आलो. आज मी बोलणार आहे ते या रीतीला थोडे छेद देणारे आहे. जुनी वस्तू घासून-खरवडून तिचा मान वाढतो, की तिला जे सांगायचे असते तेच आपण पुसून टाकतो, असा हा प्रश्न आहे. त्यासाठी वस्तू निवडली आहे ती पलटणीतला लोखंडी टोप. ज्याला आपण आता सर्रास हेल्मेट म्हणतो.

विषय सुचला तो एका विद्यार्थ्यामुळे. दोन वर्षांपूर्वी कागल तालुक्यातला एक मुलगा तास संपल्यावर माझ्या खोलीत आला आणि त्याने कापडी पिशवीतून एक टोप काढून टेबलावर ठेवला. पसरट काठाचा, उथळ परातीसारखा, आणि वरून चंदेरी रंगाने रंगवलेला. तो म्हणाला, "सर, माझ्या पणजोबांचा हाय. दुसऱ्या महायुद्धातला. एक गिऱ्हाईक चांगलं पैसे द्यायला तयार हाय, पण म्हणतंय, ह्यो चंदेरी रंग काढून आतला मूळ रंग दाखीव, मग घेतो. उद्यमनगरात शॉट ब्लास्टिंग करून देत्यात, दहा मिनिटांचं काम. करू का?"

त्याच्या बहिणीची फी भरायची होती, हे त्याने जाताजाता सांगितले. म्हणजे प्रश्न केवळ हौसेचा नव्हता. मी त्याला म्हणालो, "दहा मिनिटांचं काम आहे खरं, पण ते दहा जन्मांत परत फिरवता येणार नाही. दसऱ्यापर्यंत थांब." असे मी का म्हणालो, ते आता क्रमाने सांगतो.

प्रथम असले टोप आपल्या भागात येतात कुठून, ते पाहू. कोल्हापूर, सातारा, सांगली, बेळगाव हा सारा पट्टा पलटणीत माणसे धाडणारा. साताऱ्याजवळचे अपशिंगे हे गाव तर ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखले जाते. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावला. कोल्हापूर संस्थानची स्वतःची राजाराम रायफल्स ही पलटण होती; संस्थान १ मार्च १९४९ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले, आणि पुढे ही पलटण मराठा लाइट इन्फंट्रीची १९ वी बटालियन झाली. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी १९४१ साली आफ्रिकेतल्या एरिट्रियात केरेनच्या डोंगरांवर लढल्या, १९४४ साली ब्रह्मदेशच्या सरहद्दीवर जपान्यांशी झुंजल्या, आणि इटलीत तर दोन मराठा जवानांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. नाईक यशवंत घाडगे यांना तो १० जुलै १९४४ च्या पराक्रमाबद्दल मरणोत्तर मिळाला, आणि शिपाई नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीकाठी केलेल्या पराक्रमाबद्दल. तेव्हा आपल्या एखाद्या घराच्या आढ्याला असा टोप अडकलेला असावा, यात नवल नाही.

पण येथे एक सावधगिरीची सूचना. टोप हा सरकारी माल. जवान सुटला की तो बहुधा परत जमा करावा लागे. लढाई संपल्यावर जादा झालेले सामान ‘डिस्पोजल’मध्ये विकले गेले आणि त्यातून पुष्कळ टोप जुन्या बाजारात आले. कुणी त्यात कोंबड्यांना पाणी ठेवले, कुणी डांबर कालवले, कुणी उलटा टांगून कुंडी केली. शिवाय याच घडणीचे टोप आपल्या सैन्यात स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ चालले. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांतल्या छायाचित्रांत ते दिसतात. म्हणून घरातला टोप ‘पणजोबांचा, महायुद्धातला’ असे घरचे सांगत असले, तरी ते खरे असेल किंवा नसेलही. मग खरे-खोटे ठरवायचे कशावरून? एक तर ठशांवरून, आणि दुसरे म्हणजे रंगावरून.

आता हा टोप मुळात आहे काय, ते थोडक्यात सांगतो. १९१५ साली जॉन लिओपोल्ड ब्रॉडी याने इंग्लंडात या पसरट टोपाचे पेटंट घेतले. खंदकातल्या लढाईत वरून तोफगोळ्यांचे तुकडे पावसासारखे पडत. ते डोक्यावर, खांद्यावर येऊ नयेत म्हणून हा रुंद काठ. बंदुकीची गोळी समोरून आली तर ती अडवण्याची ताकद यात फारशी नसे. लवकरच त्यासाठी मँगनीज घातलेले पोलाद वापरू लागले. रॉबर्ट हॅडफील्डने १८८२ साली हे पोलाद शोधले होते. यात मँगनीज बारा-तेरा टक्के असते, आणि गंमत अशी की ते लोहचुंबकाला जवळजवळ चिकटत नाही. १९३८ च्या सुमारास याच टोपाची सुधारलेली आवृत्ती निघाली. तिला ‘मार्क दोन’ म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात बहुतेक हिंदी जवानांच्या डोक्यावर होता तो हाच, आणि तो हिंदुस्थानातही घडवला गेला. वजन साधारण किलोभर. आत गादी, माथ्यावर एक स्क्रू, हनुवटीखाली पट्टा.

सुरुवातीचे टोप गुळगुळीत रंगवलेले असत, आणि उन्हात ते चकाकत. चकाकले की शत्रूला ठिकाण कळे. म्हणून ओल्या रंगावर बारीक वाळू किंवा लाकडाचा भुसा शिंपडून पृष्ठभाग खरखरीत करू लागले. तुम्ही जुन्या टोपावरून हात फिरवलात आणि तो पॉलिश कागदासारखा लागला, तर तो गंज समजू नका. ती वाळू आहे, आणि ती कुण्या कारखान्यातल्या किंवा छावणीतल्या माणसाने मुद्दाम लावलेली आहे.

हा झाला पहिला रंग. पण पलटण एके ठिकाणी थोडीच राहते! वाळवंटात गेली की टोप वाळूच्या रंगाचा करायचा, हिरव्या मुलखात आली की पुन्हा हिरवट-तपकिरी. हे रंगकाम कुणी चित्रकार करीत नसे. छावणीत डबा आला, ब्रश मिळाला तर ब्रशने, नाहीतर चिंधीने. त्यामुळे ब्रशचे ओघळ, अर्धवट राहिलेला काठ, स्क्रूवर चढलेला थर, हे सारे आपल्याला गबाळे दिसते. पण ते खरे असू शकते. एका टोपावर खालून वर असे तीन थर निघाले, खाकी, त्यावर वाळूचा, त्यावर हिरवा, तर तो टोप फिरला कुठे कुठे, याचा तो नकाशाच झाला.

आणि रंग बदलल्याने वस्तूचा अर्थच बदलतो, याचे एक जगप्रसिद्ध उदाहरण ऐका. १९५६ साली सुएझच्या पेचप्रसंगानंतर संयुक्त राष्ट्रसंघाने आपली पहिली शांतिसेना इजिप्तमध्ये धाडली. वेगवेगळ्या देशांचे जवान, प्रत्येकाचा गणवेश निराळा. ते लढणाऱ्या पक्षांपैकी नाहीत हे दुरून कळावे कसे? निळ्या टोप्या शिवून यायला काही आठवडे लागणार होते. तेव्हा युरोपात अमेरिकन सैन्याच्या टोपांचे आतले प्लास्टिकचे कवच मुबलक पडून होते. त्यांवर निळा रंग फवारला आणि ते जवानांना दिले. आज शांतिसैनिकांना जगभर ‘निळे टोप’ म्हणतात, त्याचे मूळ या घाईघाईच्या रंगकामात आहे. या सेनेत आपले भारतीय जवानही १९५६ पासून १९६७ पर्यंत होते. आता समजा, त्यातले एक कवच एखाद्या संग्राहकाच्या हाती आले आणि ‘मूळ रंग’ शोधायचा म्हणून त्याने निळा थर खरवडला. आत काय निघेल? अमेरिकेने लाखोंनी बनवलेले एक साधे हिरवे कवच. म्हणजे दुर्मीळ वस्तू घालवून सामान्य वस्तू मिळवली, असा व्यवहार होईल.

दुसरे उदाहरण नागरी संरक्षणाचे. विमानहल्ल्याच्या भीतीने महायुद्धात शहरोशहरी ए. आर. पी. म्हणजे हवाई हल्ल्यापासून बचावाची पथके उभी राहिली. इंग्लंडात तशी आपल्या मुंबईतही. इंग्लंडातल्या वॉर्डनांच्या टोपावर इंग्रजी ‘डब्ल्यू’ अक्षर रंगवलेले असे. कसोटीला पूर्ण न उतरलेल्या टोपांच्या काठाला बारीक भोके पाडून ते असल्या नागरी कामाला देत. काठाला भोके आणि अंगावर पांढरा रंग, असा टोप हाती आला तर ‘कुणीतरी खराब केला’ असे म्हणू नका. तो रात्री काळोखात रस्त्यावर फिरणाऱ्या एखाद्या स्वयंसेवकाचा असू शकेल.

आता तुम्ही म्हणाल, "मास्तर, हे सगळे तुम्ही पुस्तकात वाचून सांगता." नाही श्रोतेहो, हे मी स्वतः ठेच खाऊन शिकलो. माझ्या आजोबांच्या खोलीत असाच एक टोप होता. वर गडद हिरवा रंग, जागोजागी पोपडे. आजोबा पलटणीत होते, पण लढाईविषयी ते कधी बोलत नसत. ते गेल्यावर, २००३ साली, एम. ए. होऊन नुकता नोकरीला लागलेला मी, दसऱ्याच्या उत्साहात पॉलिश कागद घेऊन अंगणात बसलो. हिरव्या रंगाखाली फिकट पिवळसर थर दिसला. मला वाटले, हा प्रायमर असेल. तोही घासला. आतल्या बाजूला काही पांढरी अक्षरे होती, तीही त्या धुळीबरोबर गेली. संध्याकाळपर्यंत टोप आरशासारखा झाला. मी तो पाटावर मांडला, हळदकुंकू वाहिले, आणि सगळ्यांनी माझे कौतुक केले.

पुढे काही वर्षांनी घरचे जुने कागद चाळताना आजोबांचे सुटीचे एक पत्र सापडले. त्यावर पलटणीचे नाव होते, पण ते कुठल्या आघाडीवर होते याचा उल्लेख नव्हता. तो फिकट पिवळसर थर वाळवंटातला होता का? आतला पांढरा आकडा त्यांचाच नंबर होता का? की तो टोप त्यांनी युद्धानंतर डिस्पोजलच्या मालातून पाच-सहा आण्यांना आणला होता? आज काहीच सांगता येत नाही. जे सांगू शकले असते, ते मी स्वतःच्या हाताने झाडून अंगणाबाहेर टाकले.

ही चूक माझ्या एकट्याची नव्हे. फार मोठमोठ्या ठिकाणी ती झाली आहे. अजिंठा त्या काळी निजामाच्या राज्यात होते. तिथली भित्तिचित्रे जपावीत म्हणून निजाम सरकारने १९२० ते १९२२ या काळात इटलीहून चेक्कोनी आणि ओर्सिनी हे दोन जाणकार आणवले. त्यांनी पुष्कळ काम चांगले केले, पण चित्रांवर लाखेच्या जातीचे, शेलॅकचे, रोगण चढवले. काळाच्या ओघात ते पिवळे-काळपट पडले, चित्रे झाकोळली, आणि ते काढण्याचे जिकिरीचे काम पुढच्या पिढ्यांतल्या रसायनतज्ज्ञांवर पडले. हेतू उत्तम होता, माणसे शिकलेली होती, तरी परत न फिरवता येणारी गोष्ट केली की असे होते.

उलट बाजूचेही उदाहरण आहे. वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवर पिढ्यानपिढ्या शेंदराचे लेप चढत गेले होते. २०२२ साली ते काढण्यात आले आणि आतले मूळ रूप दिसू लागले. तेथे काम घाईने झाले नाही. जाणकारांचा सल्ला घेऊन, मंदिर काही काळ दर्शनाला बंद ठेवून झाले. म्हणजे वरचा थर कधीच काढू नये, असा नियम नाही. पण भक्ताच्या हातचा शेंदूर आणि बाजारू रंगाऱ्याने फासलेला ऑइलपेंट यांत फरक करता आला पाहिजे. १९६४ साली व्हेनिस येथे जुन्या वास्तूंच्या जतनाविषयी जी सनद जगातल्या तज्ज्ञांनी मान्य केली, तीत हेच तत्त्व आहे: एखाद्या वास्तूत निरनिराळ्या काळांनी घातलेली भर मानली पाहिजे, आणि जिथे अंदाज सुरू होतो तिथे दुरुस्तीने थांबले पाहिजे. वास्तूला लागू असणारे हे तत्त्व टोपालाही तितकेच लागू पडते.

आपल्या गावातलेच पाहा ना. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती टाऊन हॉलच्या वस्तुसंग्रहालयात आहे. तिला कुणी चिंच लावून पितळी समईसारखी लखलखीत केली, तर आपल्याला चालेल का? नाही चालणार. मग घरातल्या वस्तूला निराळा न्याय का?

तेव्हा टोपावरच्या रंगाचे मी चार वर्ग करतो. पहिला कारखान्याचा रंग. दुसरा पलटणीने नोकरीत असताना दिलेला. तिसरा पुढच्या आयुष्यातला: नागरी संरक्षणाचा, कचेरीतला, घरच्यांनी हौसेने किंवा पूजेसाठी दिलेला. आणि चौथा विक्रेत्याचा. म्हणजे किंमत वाढावी म्हणून परवाच काढलेले पलटणीच्या बिगुलाचे चित्र, जंगली पट्टे, खोटे नंबर. पहिले तीन रंग हा त्या वस्तूचा इतिहास आहे. त्यांना हात लावू नये. चौथा ही लबाडी आहे. तो काढायला हरकत नाही, मात्र तो चौथाच आहे अशी खात्री पटल्यावर.

खात्री कशी करायची? त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. सकाळचे ऊन आणि एक भिंग पुरे. प्रथम टोपाची सर्व बाजूंनी छायाचित्रे काढा आणि घरातले वडीलधारे जे सांगतील ते तारीख घालून लिहून ठेवा. मग जिथे टवका उडाला आहे, तिथे भिंगातून पाहा. कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर एकाखाली एक दिसतात. त्यांचा क्रम टिपून घ्या. रंग गंजाच्या खड्ड्यांत उतरला असेल, तर तो गंज चढल्यानंतरचा, म्हणजे उशिराचा. रंगाचे शिंतोडे आतल्या गादीवर, पट्ट्यावर असतील, तर तो गादी-पट्टा बसवल्यानंतर दिलेला. कारखान्याचा नक्की नव्हे. काठाच्या आतल्या बाजूला, पट्टा अडकवायच्या कडीजवळ, कारखान्याची अक्षरे आणि साल ठोकलेले असते ते वाचा. गादीवरही कधी साल छापलेले सापडते. टोप १९४२ चा आणि गादी १९५० ची, असेही निघते. त्याने घाबरून जाऊ नका, सैन्यात दुरुस्त्या होतच असत. नोटा तपासायचा निळा दिवा मिळाला तर अंधारात पट्ट्याच्या दोऱ्यावर धरा. अलीकडचा दोरा बहुधा पांढरा-निळा चमकतो. पण जुने कापड नव्या साबणाने धुतले तरी ते चमकते. तेव्हा एकट्या या खुणेवर निकाल देऊ नका.

एवढे करून रंग विक्रेत्याचाच ठरला, आणि खालचा जुना थर शाबूत आहे असे दिसले, तर काठाच्या आत, नखाएवढ्या जागेवर प्रयोग करावा. कापसाच्या बोळ्याला थोडे द्रावण लावून पाहावे. ताजा रंग पुष्कळदा लवकर सुटतो आणि जुना, वाळून कडक झालेला रंग टिकतो. पण दोन्ही सुटू लागले, तर तिथेच थांबावे. सुटलेला पोपडा बांबूच्या कामटीने अलगद काढावा, सुरीने नव्हे. एक छोटी पट्टी मुद्दाम तशीच ठेवावी, म्हणजे आधी काय होते याचा पुरावा राहतो.

काय करू नये, तेही सांगतो. पॉलिश कागद नको, तारेचा ब्रश नको, वाळूचा मारा तर मुळीच नको. या सगळ्यांनी वरचा रंग जातो तसा खालचाही जातो, खरखरीत वाळू जाते, ठोकलेली अक्षरे बुजतात. कॉस्टिक सोड्यात टोप बुडवू नका. रंगाबरोबर चामडेही जाईल. आणि ही गोष्ट तब्येतीची आहे म्हणून जरा जोर देऊन सांगतो: जुन्या रंगांत शिशाचे क्षार असत. कोरडे घासले की त्याची धूळ नाकातोंडात जाते. काही जुन्या टोपांच्या आतल्या गादीत अॅस्बेस्टॉसही आढळला आहे. तेव्हा गादी उसवू नका, झटकू नका, आणि मुलांना तो टोप घालून खेळायला देऊ नका.

मग करायचे तरी काय, असा प्रश्न उरतो. उत्तर सोपे आहे: गंज थांबवायचा, आणि बाकी काही करायचे नाही. कोल्हापूरच्या पावसाळ्यात लोखंडाचा खरा शत्रू ओल आहे. मऊ कोरड्या ब्रशने धूळ काढावी. उघड्या पडलेल्या धातूवर शिवणयंत्राच्या तेलाचा पातळ हात द्यावा; चामड्याला, कापडाला तेल लागू देऊ नये. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नये, आत घाम धरतो. भिंतीला खिळ्यावर टांगू नये, पट्ट्यावर भार येतो. कापडाची चुंबळ करून तिच्यावर बसवावा. पट्टा तुटला असेल आणि नवा लावायचाच असेल, तर तो सहज काढता येईल असा लावावा, आणि नवा आहे हे लिहून ठेवावे.

आणि ज्याचा रंग आधीच कुणी काढून टाकला आहे, त्याचे? अशा नागड्या लोखंडाला मात्र संरक्षण हवेच. तिथे नवा रंग द्यायला हरकत नाही. फक्त तो जुना असल्याचे सोंग करू नये.

संग्राहकांच्या बाजूने एक आक्षेप येतो, तोही ऐकून घेऊ. ते म्हणतात, "वस्तू आमची, पैसे आमचे. मांडणीत ती देखणी दिसायला नको का?" देखणे दिसावे ही इच्छा वाईट नाही. पण बाजाराचा हिशेबही त्यांच्या विरुद्धच जातो. जाणते संग्राहक अस्सल, न छेडलेल्या रंगाला अधिक मोल देतात. घासून पुन्हा रंगवलेला टोप त्यांच्या लेखी उतरतो. माझ्या विद्यार्थ्याला भेटलेले गिऱ्हाईक एक तर नवशिके असावे, किंवा त्याला आपल्या हाताने नवी चित्रे काढायला कोरा टोप हवा असावा.

आता त्या विद्यार्थ्याकडे वळतो. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी त्याच्या गावी गेलो. त्याची आजी ओसरीवर बसली होती. टोप तिच्या सासऱ्यांचा. मी विचारले, "आजी, हा चंदेरी रंग कुणी दिला?" ती म्हणाली, "कोण देणार? मामंजीच द्यायचं. दर खंडेनवमीला डबा आणून बसायचं. तिथं चकाकला की गोळी येती, म्हणून माती फासायला लागायची म्हणं. हितं घरात कशाला मळका ठिवू, म्हणायचं. ते गेल्यापासनं कुणी हात लावला न्हाई."

तो मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. ज्या रंगाला आम्ही ‘वरचा खराब रंग’ म्हणत होतो, तो खुद्द त्या जवानाच्या हातचा होता. आम्ही टोप उन्हात धरून पाहिला. काठाजवळ एक टवका उडाला होता. चंदेरीचे कितीतरी पातळ थर, आणि सगळ्यांत खाली वाळू मिसळलेला मळकट थर. दोन्ही गोष्टी तिथे होत्या, लढाई आणि घरी परतणे. दोन्ही तशाच ठेवायच्या, असे ठरले. आजीने सांगितलेले सारे मुलाने वहीत लिहून घेतले आणि खाली तिचा अंगठा घेतला. बहिणीच्या फीची सोय त्यांनी दुसरीकडून केली; टोप विकला नाही. पण उद्या विकावा लागलाच, तरी ती वही त्याच्याबरोबर जाईल.

त्या रात्री घरी आल्यावर मी आजोबांचा टोप काढला. इतकी वर्षे तो तेल लावून कपाटात ठेवला होता. मी त्याला साधा मळकट रंग दिला, आणि आतल्या बाजूला, बारीक अक्षरांत, ब्रशने लिहिले: ‘यावरचा मूळ रंग २००३ साली नातवाने अजाणतेपणी काढला. हा रंग नवा आहे.’ पुढे कुणाच्या हाती तो पडला, तर त्याची फसगत तरी होणार नाही.

श्रोतेहो, येत्या खंडेनवमीला विळा-कोयता खुशाल घासा. ती कामाची हत्यारे आहेत, त्यांना धार हवी. पण आढ्यावरचा टोप, माळ्यावरची जुनी तलवार, हिच्यावर हळदकुंकू वाहा, धूळ पुसा, आणि हात आवरता घ्या. घासण्याआधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला विचारा, की हा रंग कुणी दिला. उत्तर देणारे माणूस घरात आहे तोवर विचारा.